महागातली सुगंधी मेणबत्ती पहिल्यांदा घरी आणताना

माझी पहिली महागातली मेणबत्ती मी आठ-नऊ वेळा पेटवली आणि दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांत विझवली. जपून वापरायची होती ना! एवढे पैसे मोजलेत तर पुरवून पुरवून जाळू, असा हिशोब. दहाव्या वेळी काडी लावली तर वात धरेचना. ग्लासात वाकून पाहिलं. मधोमध विहिरीसारखा खड्डा, तळाशी मेणात बुडालेलं वातीचं काळं टोक आणि भोवती बोटभर जाडीची मेणाची भिंत, आणली तशी कोरी. वास म्हणाल तर तोही कधी धड आला नव्हता.

तेव्हा मला एक साधी गोष्ट माहीत नव्हती. सुगंध ज्योतीतून येत नाही, तो ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून येतो. वात वितळलेलं मेण वर ओढते, वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. त्या मेणातला जो सुगंध ज्योतीत शिरतो, तो बिचारा जळूनच जातो. खोलीत पसरतो तो तळ्याच्या पृष्ठभागावरून उडालेला. म्हणजे तळं जेवढं रुंद, तेवढा दरवळ जास्त. वीस मिनिटांत माझ्याकडे तळं कुठलं, जेमतेम थेंबभर डबकं झालेलं असायचं. ही एक गोष्ट लक्षात राहिली की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटत जातात.

घेताना

खोली सुगंधी करण्यासाठी मेणबत्ती लावायची, ही कल्पना वाटते तेवढी जुनी नाही. पॅरिसमधलं त्रूदों हे घराणं १६४३ पासून मेणबत्त्या करतंय, पण कित्येक पिढ्या त्यांचं काम उजेड पुरवायचं होतं. १९६१ मध्ये त्याच शहरात कापडाचं दुकान म्हणून सुरू झालेल्या दिप्तीकने १९६३ मध्ये आपल्या पहिल्या सुगंधी मेणबत्त्या काढल्या. आज जो छोटा, जाड काचेचा, साधं लेबल लावलेला ग्लास आपण ‘लक्झरी’ म्हणून ओळखतो, तो साच्यासारखा रूढ करण्यात या दुकानाचा वाटा मोठा.

दुकानात गेलात तर मेणबत्तीवर काचेचं झाकण उपडं घातलेलं दिसेल. मेण हुंगत बसू नका, ते झाकण उचला आणि त्याच्या आत नाक घाला. तिथे साठलेला वास जास्त खरा. तरीही हा थंड, म्हणजे न पेटवलेल्या मेणाचा वासच. लिंबूवर्गीय, पुदिन्यासारखे हलके घटक न तापताही उडतात, म्हणून नाकाला आधी तेच भेटतात. चंदन, राळ, कस्तुरी, व्हॅनिला ही जड मंडळी मेण तापल्यावर बाहेर पडतात. दुकानात ‘वा, काय ताजं!’ वाटलेली मेणबत्ती घरी तासाभराने लाकडासारखी, धुरकट वाटली, तर फसवणूक झाली असं समजू नका. एका दमात तीन-चारपेक्षा जास्त वासही घेऊ नका. पाचव्याला नाक दमलेलं असतं आणि मग सगळंच गोड लागतं.

मेण कुठलं, यावरून बरीच भांडणं आहेत. पॅराफिन खनिज तेलातून येतं, सुगंध जोरात सोडतं. सोयाचं मेण मऊ, कमी तापमानाला वितळतं आणि सावकाश जळतं. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याला स्वतःचाच मधाळ वास असतो, त्यामुळे त्यात दुसरा सुगंध घालणं म्हणजे गाणाऱ्याशेजारी दुसरा गाणारा बसवणं. खोबरेल, रेपसीड (मोहरीच्या जातीचं तेलबी) ही मेणंही मिश्रणांत भेटतात. काच काळी पडते ती पॅराफिनमुळेच, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतील. माझा अनुभव असा की काजळी धरण्यात मेणापेक्षा लांब वात आणि वाऱ्याची झुळूक यांचा हात मोठा. वात नीट कापली तर पॅराफिनही स्वच्छ जळतं, नाही कापली तर सोयाही काच काळी करतं. सोयाच्या मेणावर पांढरट बुरशीसारखी नक्षी दिसली तर घाबरू नका, ते मेणाचे स्फटिक असतात. जळण्यात त्यामुळे काही बिघडत नाही.

वात मात्र बघून घ्या. ती बरोबर मधोमध हवी. तिरकी असेल तर काचेची एक बाजू तापेल आणि दुसऱ्या बाजूचं मेण तसंच राहील. बहुतेक वाती सुती असतात. काहींत ताठ उभं राहावं म्हणून बारीक तार घालतात. पूर्वी ही तार शिशाची असायची, आणि अमेरिकेने अशा वातींवर २००३ मध्ये बंदी घातली. आता असली तर जस्ताची किंवा कथिलाची असते. शंका आली तर न पेटवलेल्या वातीच्या तारेचं टोक पांढऱ्या कागदावर घासून बघा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती मेणबत्ती नको. लाकडाच्या पट्टीची वातही मिळते. ती जळताना हलकी चटचटते. ऐकायला छान, पण सांभाळायला जरा हट्टी. पहिली मेणबत्ती सुती वातीचीच घ्या.

आकार खोली पाहून घ्या. साधारण खोलीला सात-आठ सेंटिमीटर व्यासाची, एका वातीची मेणबत्ती पुरते. तीन वातींचा मोठा ग्लास लहान खोलीत लावलात तर अर्ध्या तासात खिडकी उघडायला धावाल.

पहिला जाळ

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिल्यांदा पेटवायची ती हातात पुरेसा वेळ असेल तेव्हाच. मेण काठापर्यंत वितळेपर्यंत ती विझवायची नाही. ढोबळ हिशोब असा: व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास. आठ सेंटिमीटरचा ग्लास असेल तर तीन तास धरून चाला. मेण एकदा जिथवर वितळतं, पुढच्या वेळी साधारण तिथवरच वितळायला बघतं. बाहेरचं कडं थंड आणि घट्ट राहिलं, की ज्योत तेवढ्याच वर्तुळात खाली खाली उतरत जाते. माझी विहीर अशीच झाली होती.

पेटवा आणि पहिला तास जवळ बसून बघा, बघण्यासारखं असतं. काडी लावल्यावर ज्योत आधी मोठी होते, कारण वातीला लावलेलं मेण जळत असतं. मग ती एकदम लहान होते, विझते की काय असं वाटतं. तसं होत नाही. वातीच्या बुडाशी मेण काचेसारखं पारदर्शक व्हायला लागतं, आधी टिकलीएवढं, मग बांगडीएवढं. त्याच्या कडेला मेण अर्धवट मऊ, दुधी दिसतं. हे दुधी कडं हळूहळू बाहेर सरकतं आणि मागे नितळ तळं सोडत जातं. तासाभराने एक बाजू मागे राहिलेली दिसेल, बहुधा वारा येतो त्या बाजूची. अशा वेळी ग्लास उचलायचा नाही. खालची ताटली धरून अलगद अर्धा फेरा वळवायचा, बस.

तळं काठाला टेकलं आणि त्याची खोली बोटाच्या पेराच्या निम्मी, म्हणजे सेंटिमीटरच्या आसपास झाली, की काम झालं. त्याहून खोल व्हायला लागलं तर विझवा. काठाला अगदी पातळ पापुद्रा उरला असेल तर अट्टाहास करू नका, दुसऱ्या-तिसऱ्या जाळात तोही वितळतो. पण एका वेळी चार तासांच्या वर कधीच नाही. वातीवर काजळी साचते, काच फार तापते आणि सुगंधही भसाभस उडून जातो. पुढच्या खेपेलाही दीड-दोन तासांचा वेळ नसेल तर पेटवूच नका. ‘पाहुणे यायच्या आत दहा मिनिटं लावू’ हा विचार मेणबत्तीच्या मुळावर येतो. पाहुणे यायचे असतील तर तासभर आधी लावा, आणि ते दारात आले की हवं तर विझवा. वास खोलीत मागे राहतोच.

वात कापणं

लोक नेमकं हेच करत नाहीत आणि मग मेणबत्तीला नावं ठेवतात.

दर वेळी पेटवण्याआधी, मेण पूर्ण निवलेलं असताना, वात पाच मिलिमीटरवर कापायची. करंगळीच्या नखाच्या निम्मी, एवढं माप लक्षात ठेवा. लाकडी वात त्याहून आखूड, तीन मिलिमीटर. वाकड्या मानेची खास कात्री मिळते आणि खोल ग्लासात ती खरंच उपयोगी पडते, कारण कापलेला तुकडा तिच्या पात्यावरच राहतो. मेण वर काठाशी असेपर्यंत मात्र नेलकटरने भागतं. कापलेलं काळं टोक मेणात पडू देऊ नका. पडलं तर चिमट्याने काढा, नाहीतर तेही पेटतं आणि एका मेणबत्तीत दोन वाती होतात.

लांब वात जास्त मेण ओढते, ज्योत मोठी होते आणि तिला पुरेशी हवा मिळत नाही. न जळलेला कार्बन मग काजळी होऊन काचेवर बसतो. ज्योतीचा पिवळा उजेड मुळात कार्बनच्या या तापलेल्या कणांचाच असतो. ते ज्योतीत जळून संपले तर ठीक, बाहेर निसटले तर काच काळी. वातीच्या टोकाला कधी कधी अळंबीसारखा गोल काळा गोळा धरतो. सुगंधी तेल घातलेल्या मेणात हे जास्त होतं. तो गोळा दिसला की पुढच्या वेळी कापूनच पेटवायचं.

एकेकाळी साधी मेणबत्तीसुद्धा लावून विसरता येत नसे, कात्री घेऊन सारखी वात खुडावी लागे. १८२५ मध्ये कांबासेरेस नावाच्या फ्रेंच गृहस्थाने वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना एका बाजूला वळते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या, जास्त तापलेल्या भागात शिरतं आणि तिथे जळून जातं. म्हणजे वात स्वतःच स्वतःला कापते. तुमच्या मेणबत्तीची वात किंचित वाकून जळत असेल तर ती तसं करण्यासाठीच विणलेली आहे, तिला सरळ करत बसू नका. ग्लासातल्या सुगंधी मेणबत्तीत मात्र तेवढ्याने भागत नाही, तिथे कात्री हवीच.

कुठे ठेवायची

पंख्याखाली नको, खिडकीसमोर नको, एसीच्या झोतात नको. ज्योत फडफडली की काजळी आलीच, शिवाय मेण एका बाजूला वितळतं. पडदा, पुस्तकं, वाळलेली फुलं, कागद यांपासून किमान ३० सेंटिमीटर दूर ठेवा आणि वर फळी येईल अशी जागा टाळा. खाली ताटली किंवा दगडी तुकडा हवा. काचेचं बूड तापतं आणि टेबलाचं पॉलिश पांढरं पडतं, हे मी एका चांगल्या टेबलाच्या बदल्यात शिकले.

खोली सोडून जायचं तर विझवून जायचं. झोप येत असेल तर विझवायचं. ‘डोळा लागला तर’ हा प्रश्न मनात आला म्हणजेच विझवायची वेळ झाली. तळं पातळ असताना ग्लास हलवू नका. आणि मेण पेटलंच, म्हणजे ज्योत वातीपुरती न राहता तळ्यावर पसरली, तर पाणी मुळीच ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण अंगावर उडतं. धातूचं झाकण किंवा ताटली वर ठेवून हवा तोडा आणि निवेपर्यंत उघडू नका.

घरात पक्षी असेल तर त्याच्या खोलीत सुगंधी मेणबत्ती नकोच, पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. मांजरांना काही सुगंधी तेलं मानवत नाहीत, आणि शेपटीचा प्रश्न वेगळाच. दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल किंवा डोकं जड व्हायला लागलं, तर सुगंध कितीही उंची असो, विझवा आणि खिडकी उघडा. एरवीही दार किंचित उघडं असलेलं बरं. कोंडलेल्या खोलीत सुगंधाचा उग्र दर्प व्हायला वेळ लागत नाही.

विझवताना

फुंकर मारू नका. मेणाचे शिंतोडे काचेवर आणि कधी भिंतीवर उडतात, आणि जो पांढरा धूर निघतो तो दोन तासांचा सगळा सुगंध एका क्षणात झाकून टाकतो. हा धूर म्हणजे न जळलेली मेणाची वाफच. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यात त्याने हे दाखवलं होतं. नुकत्याच विझलेल्या वातीच्या धुरात पेटती काडी, वातीपासून दोन-तीन इंच दूर धरली, तरी धुरावरून ज्योत खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. साध्या मेणबत्तीवर एकदा करून बघा, गंमत आहे.

विझवायचं तर वात बुडवा. टोकाला आकडा असलेली तार मिळते. तिने वात तळ्यात दाबायची आणि लगेच वर काढून सरळ उभी करायची. धूर जवळजवळ येतच नाही आणि वातीला मेणाचा नवा लेप बसतो, पुढच्या वेळी ती चटकन धरते. वर काढायला विसरलात तर वात मेणातच गोठेल, मग खोदकाम. लाकडी वात अशी दाबू नका, ती मोडते. तिच्यावर घंटेच्या आकाराची टोपी नाहीतर ग्लासचं धातूचं झाकण अलगद ठेवावं. मेण पूर्ण निवल्यावर झाकण नेहमी घालून ठेवा, धूळ बसत नाही आणि सुगंधही उडत नाही. ऊन लागेल तिथे ठेवू नका, रंग विटतो. व्हॅनिला असलेलं मेण काळानुसार तपकिरी होतं, ते मात्र बिघडलेलं नसतं.

वास येत नाही, अशी तक्रार

आधी खोलीतून बाहेर जा. दहा मिनिटं दुसरीकडे काहीतरी करा आणि परत या. नव्वद टक्के वेळा, निदान माझ्या घरी, मेणबत्ती ठीक असते आणि नाक सरावलेलं असतं. सारखा येणारा वास नाक थोड्या वेळात मोजायचंच सोडून देतं. दुसऱ्याच्या घरात शिरताच त्या घराचा वास येतो आणि आपल्या घराला काही वासच नाही असं वाटतं, तेच हे.

परत आल्यावरही काही जाणवलं नाही तर तळं किती रुंद झालंय ते बघा. मग खोलीचा आकार बघा. मग वारा. एवढं करून काहीच नसेल तर मेणबत्ती भिडस्त आहे असं समजून लहान खोलीत हलवा. बाथरूममध्ये भल्याभल्या भिडस्त मेणबत्त्या बोलक्या होतात.

विहीर झालीच तर

ज्योत अजून जळत असेल तर ग्लासच्या तोंडाभोवती ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा. कडा आत वळवून मध्ये दोन-तीन बोटं जातील एवढं भोक ठेवा. उष्णता आत कोंडते आणि काठचं मेण वितळायला लागतं. अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ तिथून हलायचं नाही. कागद हाताला चांगलाच भाजतो.

वात बुडून गेली असेल, माझ्यासारखी, तर केस वाळवायच्या यंत्राने वरचं मेण वितळवा. थोडं पातळ मेण जाड कागदी रुमालाने टिपून घ्या, म्हणजे वात डोकं वर काढील. निवू द्या आणि मग एकदा सलग तीन तास जाळा. माझी मेणबत्ती अशीच वाचली. अर्धीमुर्धी, पण वाचली, आणि तेव्हा कुठे मला तिच्यात अंजीर होतं हे कळलं.

शेवटचा सेंटिमीटर

तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबायचं. ते मेण काचेला उष्णतेपासून वाचवत असतं. ते संपलं की ज्योतीची धग थेट काचेवर, आणि काच तडकते. इथे काटकसर नको.

उरलेलं मेण काढायला ग्लास काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. मेण आकसतं आणि बोथट सुरीने उचकटलं की चकतीसारखं सुटतं. फ्रीझरमधून काढल्याबरोबर त्यात गरम पाणी घालू नका, काच साध्या तापमानाला येऊ द्या. मग कोमट पाणी, साबण आणि तळाशी चिकटलेली वातीची पत्र्याची टिकली. ती थोडी ओढावी लागते. मेणाचा एकही तुकडा सिंकमध्ये जाऊ देऊ नका, पुढे नळीत जाऊन तो दगड होतो. निघालेली चकती पातळ कापडात बांधून कपड्यांच्या कप्प्यात टाका. न पेटवताही ती पुढे दोन-तीन महिने मंद वास देत राहते.